ट्रॅक्टरचा मीटर बोर्ड घरच्या घरी काढताना



दावणीला बैलजोडी होती तेव्हा आपण रोज सकाळी तिच्याकडे नजर टाकत होतो. बैल वैरणीला तोंड लावेना, रवंथ करेना, कान पाडून उभा राहिला, की काही तरी बिघडलं हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. आज नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पेरणी, मळणी आणि उसाची वाहतूक बहुतेक ट्रॅक्टरवर आली आहे. ट्रॅक्टरला तोंड नाही. त्याचं दुखणं सांगतो तो स्टिअरिंगच्या पुढचा मीटर बोर्ड.

परंतु गावोगावी फिरताना आम्हाला दिसतं, की पुष्कळ ट्रॅक्टरांचे काटे मेलेले असतात. विचारलं तर उत्तर मिळतं, "साहेब, काटा बंद पडून दोन वर्षं झाली, पण ट्रॅक्टर झकास चालतोय." चालतो हे खरं. पण ज्या दिवशी इंजिनातल्या तेलाचा दाब पडेल, त्या दिवशी सांगायला कोणी नसेल. बेअरिंग खातील, इंजिन जाम होईल, आणि हे होणार ते नेमकं मृगाच्या वाफशात. तिफण थांबली की चार दिवसांचा वाफसा निघून जातो आणि इंजिन उतरवण्याचा खर्च वेगळाच.

म्हणून मीटर वेळीच दुरुस्त करावा. जुन्या, साध्या ट्रॅक्टरचा मीटर बोर्ड घरी काढता येतो. त्यात ताकदीचं काम थोडं आणि क्रमाचं काम जास्त. क्रम चुकला तर वायरी जळतात, नळी मोडते, माणसालाही इजा होते. तो क्रम कसा ठेवायचा ते या पत्रकात देत आहोत.

कोणता मीटर काय सांगतो?

तेलाच्या दाबाचा मीटर. सर्वांत महत्त्वाचा. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत याचा काटा वर चढला पाहिजे. काही ट्रॅक्टरांत काट्याऐवजी लाल दिवा असतो. तो इंजिन सुरू होताच विझला पाहिजे.

पाण्याच्या तापमानाचा मीटर. रेडिएटर भुसकटाने बुजला, पंख्याचा पट्टा सैल झाला किंवा पाणी कमी झालं, की काटा लाल पट्ट्याकडे सरकतो.

अँपिअर मीटर. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे ते हा दाखवतो.

फेऱ्यांचा आणि तासांचा मीटर. इंजिनचे मिनिटाचे फेरे आणि इंजिन एकूण किती तास चालले ते यावर कळतं. तेल, फिल्टर बदलण्याचा हिशेब याच तासांवर चालतो. अनेक जुन्या ट्रॅक्टरांना २५० तासांनी इंजिन तेल बदलावं लागतं. आपल्या ट्रॅक्टरचा आकडा त्याच्या पुस्तिकेत पाहावा. केबलवर चालणारा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवरून तास मोजतो, म्हणून मंद चाललेल्या इंजिनचे तास घड्याळापेक्षा कमी भरतात, हेही ध्यानात असू द्या.

सोयाबीनवाल्यांनी फेऱ्यांच्या मीटरकडे विशेष लक्ष द्यावं. पुष्कळ ट्रॅक्टरांत पीटीओचे ५४० फेरे इंजिनच्या कोणत्या गतीला मिळतात त्याची खूण मीटरवर केलेली असते. घरचं बियाणं राखायचं असेल तर मळणी यंत्राच्या ड्रमची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावी लागते. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं. ड्रम जोरात फिरला की दाणा वरून चांगला दिसतो, पण आत तडकतो आणि पुढच्या जूनमध्ये उगवत नाही. ड्रमची गती पुल्लीवरही अवलंबून असते. तरी इंजिनचे फेरेच माहीत नसतील तर हिशेब लागायचा कसा? कानावर विसंबून ॲक्सिलरेटर ओढला, की बियाण्याचं नुकसान वर्षभराने समजतं.

आधी पाहा, दोष मीटरचाच आहे का?

पुष्कळदा मीटर चांगला असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. बोर्ड काढण्याआधी एवढं तपासा.

सगळे विजेचे मीटर एकदम बंद पडले असतील तर फ्यूज आणि अर्थिंगची वायर पाहा. अर्थिंगचा बोल्ट गंजला, त्याच्याखाली रंग किंवा माती बसली, की वीज परत जायला वाट उरत नाही. बोल्ट काढून जागा घासून स्वच्छ करा आणि पुन्हा आवळा.

ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीजवळ उभा राहत असेल तर वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का ते बॉनेट उघडून पाहा.

फक्त फेऱ्यांचा काटा बंद असेल तर बहुतेक वेळा आतली केबल तुटलेली असते. अख्ख्या मीटरपेक्षा केबल पुष्कळ स्वस्त पडते.

तेलाच्या दाबाचा काटा अचानक पडला तर आधी इंजिन बंद करा. "मीटर बिघडला असेल" असं समजून नांगर पुढे नेऊ नका. गजाने तेलाची पातळी पाहा. पातळी बरोबर असली तरी खात्री होईपर्यंत इंजिन चालू करू नका. मिस्त्रीकडे दाब तपासायचा वेगळा मीटर असतो, तो लावून पाहता येतो. मीटर बदलायचा की इंजिन उघडायचं, हे त्यानंतर ठरवावं.

कामाची तयारी

ट्रॅक्टर सपाट जागी, सावलीत उभा करा. नांगर, रोटाव्हेटर किंवा जे अवजार असेल ते जमिनीवर टेकवा. हायड्रॉलिकवर लटकतं ठेवू नका. हातब्रेक लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. काम सकाळी काढलेलं बरं, म्हणजे अंधार पडायच्या आत जुळणी होते. लहान मुलांना लांब ठेवा.

हातातलं कडं, अंगठी, मनगटी घड्याळ काढून ठेवा. कडं एकीकडे बॅटरीच्या टोकाला आणि दुसरीकडे पत्र्याला टेकलं तर क्षणात लाल होतं आणि मनगट भाजतं. बॅटरीजवळ बिडी-काडी पेटवू नका. बॅटरी भरताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि एका ठिणगीने बॅटरी फुटू शकते. आतलं पाणी म्हणजे गंधकाचं आम्ल. डोळ्यात उडालं तर डोळे ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, धुतच राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

सामान फार लागत नाही: पान्यांचा संच, दोन पेचकस, पक्कड, चिकटपट्टी, जुनं फडकं, आणि स्क्रू-वायसर ठेवायला एक ताटली. मोबाईल असेल तर वायरी सोडण्याआधी बोर्डाच्या पुढून आणि पाठीमागून फोटो काढून ठेवा.

बॅटरी: अर्थिंग आधी काढा, शेवटी जोडा

हा या कामाचा मुख्य नियम. बॅटरीची जी जाड वायर किंवा पट्टी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते, ती अर्थिंगची. आजच्या ट्रॅक्टरांत ती वजा (−) टोकाला असते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत अधिक (+) टोक सांगाड्याला जोडलेलं असायचं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी पाहा.

ही वायर आधी का? कारण सरळ आहे. ट्रॅक्टरचा सगळा पत्रा आणि सांगाडा हीच विजेच्या परतीची वाट असते. तुम्ही आधी दुसरं टोक सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर बॅटरीची सारी वीज त्या पान्यातून धावते. मोठी ठिणगी उडते, पाना चिकटून बसतो. अर्थिंग आधी सोडलं की परतीची वाट तुटते. मग पाना चुकून टेकला तरी काही होत नाही.

सोडलेल्या टोकाला कापड गुंडाळून ते बाजूला बांधा, म्हणजे काम चालू असताना परत जाऊन चिकटणार नाही. नुसती चावी बंद करून भागत नाही. अनेक ट्रॅक्टरांत अँपिअर मीटरच्या वायरींत चावी बंद असतानाही वीज असते.

बोर्ड सैल करणे

बोर्डाच्या कडेचे स्क्रू काढून ताटलीत ठेवा. बोर्ड निघाला की तो जोराने ओढू नका. चार बोटं पुढे घ्या आणि पाठीमागे डोकावून पाहा. पाठीमागे चार प्रकारचे धागेदोरे असतात. प्रत्येकाची सोडवणूक वेगळी आहे.

१. वायरी. एका वेळी एकच वायर सोडा आणि लगेच तिला चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा लिहा. तोच आकडा मीटरच्या बोल्टजवळही लिहा. वायर धरून ओढू नका, तिच्या टोकाची टोपी धरून काढा. दिव्यांचे होल्डर हलक्या हाताने निघतात. अँपिअर मीटरच्या दोन जाड वायरींची अदलाबदल झाली तर काटा उलटा फिरतो, म्हणून त्यांची खूण न चुकता करा. हा मीटर तपासायला त्याची दोन टोकं थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका. तो तत्काळ जळतो.

२. तेलाची नळी. काही ट्रॅक्टरांत तेलाचा मीटर विजेवर चालतो; त्याला फक्त वायर असते. दुसऱ्या प्रकारात इंजिनपासून मीटरपर्यंत तांब्याची किंवा प्लास्टिकची बारीक नळी येते आणि तीत इंजिनाचं तेल असतं. खाली फडकं धरा. एका पान्याने मीटरचा चौक धरून ठेवा आणि दुसऱ्याने नट सोडा. एकाच पान्याने जोर केला तर नळी पिळवटून मोडते. आतला लहान वायसर हरवू देऊ नका. नळी सुटल्यावर तिच्या तोंडाला स्वच्छ कापड बांधा. ही नळी उघडी असताना इंजिन चालू केलं तर इंजिनातलं तेल पंपाने बाहेर येईल.

३. तापमानाच्या मीटरची नळी. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. ज्या मीटरला केसासारखी बारीक तांब्याची नळी असते, ती मीटरपाशी सुटतच नाही. नळी, मीटर आणि इंजिनात बसलेला पितळी बल्ब मिळून एकच वस्तू असते आणि आत द्रव भरून ती कायमची बंद केलेली असते. नळी कापली, मोडली किंवा तिला डाग दिला, की मीटर कायमचा गेला. म्हणून ती काढायची तर इंजिनकडून. इंजिन थंड असल्याची खात्री करा, रेडिएटरचं पाणी बल्बच्या खालपर्यंत काढा, मग बल्बचा नट सोडा आणि नळीची मोठी वेटोळी करून बोर्डाबरोबर अलगद बाहेर घ्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. पाणी वाफेसह तोंडावर येतं.

हा मीटर घरीच तपासता येतो. बल्ब गरम पाण्याच्या बादलीत बुडवा. काटा हळूहळू चढला तर मीटर चांगला आहे. चढलाच नाही तर नवा आणावा.

४. फेऱ्यांच्या मीटरची केबल. मीटरमागचं गोल चाकीसारखं नट बहुधा हातानेच सुटतं. पक्कड लावायची वेळ आली तर मध्ये कापड धरा. केबल सुटल्यावर आतली तार ओढून पाहा. तुकडा हातात आला तर दोष सापडला. नवी तार घालताना तिला ग्रीसचा पातळ हात द्या, पण मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवा. जादा ग्रीस तारेबरोबर वर चढतं आणि मीटरमध्ये शिरतं. केबलला तीव्र वळण देऊ नका, नाही तर ती लवकर तुटते.

मीटर हाती आला की

मीटरची काच काढून काटे बोटाने फिरवू नका, आत तेल सोडू नका. नवा मीटर घेताना जुना दुकानात सोबत न्या. फेऱ्यांचा मीटर आपल्याच मॉडेलचा हवा. दुसऱ्या मॉडेलचा मीटर बसला तरी फेरे आणि तास चुकीचे दाखवू शकतो.

तासांचा मीटर बदलण्याआधी जुना आकडा आणि तारीख सर्व्हिसच्या वहीत लिहा. नवा मीटर शून्यापासून सुरू होईल. पुढचा हिशेब दोन्ही आकडे मिळवून करायचा. पुढे ट्रॅक्टर विकायचा झाला तर घेणाऱ्याला ती वही दाखवा. जुना ट्रॅक्टर बाजारातून घेताना तुम्हीही मीटरच्या आकड्यावर एकट्यावर जाऊ नका. क्लचचं पेडल, ब्रेकची झीज, टायर आणि धूर पाहा. मीटर नवा आणि पेडल झिजून गुळगुळीत झालेलं, असं दिसलं तर चार प्रश्न जास्त विचारा.

परत जुळणी

काढलं त्याच्या उलट्या क्रमाने जोडा. वायरी पत्र्याच्या धारेवर घासणार नाहीत, स्टिअरिंगच्या दांड्यात किंवा तापलेल्या सायलेन्सरजवळ जाणार नाहीत, असं पाहा. सोललेल्या प्रत्येक जागी चिकटपट्टी लावा. मळणीच्या दिवसांत बॉनेटखाली सोयाबीनचं भुसकट साचलेलं असतं. उघड्या वायरीची एक ठिणगी त्याला पुरते, आणि ट्रॅक्टर त्या वेळी गंजीच्या कडेलाच उभा असतो. फ्यूज जळाला तर त्याच अँपिअरचा घाला. जाड तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळू नका.

रेडिएटरचं पाणी भरा. इंजिन तेलाची पातळी पाहा. आता बॅटरी जोडा. अर्थिंग सर्वांत शेवटी.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ बंद असल्याची खात्री करा. सीटवर बसा आणि चावीनेच सुरू करा. दहा सेकंदांत तेलाचा काटा उठला नाही तर इंजिन बंद करा आणि नळीचा जोड पाहा. उठला तर दहा मिनिटं चालू ठेवा, मग फडक्याने नळीचे सांधे पुसून कुठे तेल झिरपतं का ते पाहा.

एक गोष्ट जिवाची

बोर्ड निघाला, चावीच्या वायरी सुटल्या, आणि तेवढ्यात कोणाला तरी ट्रॅक्टर चार हात पुढे घ्यायचा असतो. मग जमिनीवर, चाकाच्या पुढ्यात उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस टेकवला जातो. असं कधीही करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन लागताच तो चालायला लागतो, आणि मोठं चाक उभ्या माणसावरून जातं. बाजूला उडी मारायला वेळ मिळत नाही. क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रलशिवाय ट्रॅक्टर सुरू होऊ नये म्हणून काही ट्रॅक्टरांत स्विच असतो. पेचकसाने सुरू करताना तो स्विचही निकामी ठरतो. घरातल्या पोरांना आणि सालगड्यालाही हे समजावून सांगा. बोर्ड उघडा असेपर्यंत ट्रॅक्टर हलवायचा नाही, एवढा नियम करा.

घरी कोणता बोर्ड उघडू नये?

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे न्या. घरी उघडल्यावर वॉरंटीचा दावा अडकू शकतो.

बोर्डासाठी स्टिअरिंगचं चाक काढावं लागत असेल तर ते मिस्त्रीकडे द्या. त्याला पुलर लागतो. हातोड्याने ठोकलं तर दांडा आणि बेअरिंग खराब होतात.

५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरांत इंजिनचा कारभार बहुधा इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालतो आणि मीटर बोर्ड तिला जोडलेला असतो. त्यात पेचकस घालू नका.

घरच्या मोटारीचा मीटर बोर्ड ट्रॅक्टरसारखा समजून उघडू नका. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे. ती स्टिअरिंगमध्येच असते, आणि चुकीचा हात लागला तर तोंडावर फुटू शकते. तिच्या वायरींचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. असा पिवळा जोड दिसला की हात मागे घ्या आणि गाडी जाणकार मेकॅनिककडे न्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• इंजिन थंड, अवजार जमिनीवर, चाकांना दगड, चावी खिशात.
• कडं आणि अंगठी काढा. बिडी लांब.
• अर्थिंगची वायर आधी काढा, शेवटी जोडा.
• बोर्ड ओढू नका. आधी पाठीमागे पाहा.
• प्रत्येक वायरीला खूण. तापमानाची बारीक नळी कधीही कापू नका.
• तासांचा जुना आकडा वहीत लिहा.
• इंजिन सीटवर बसून, चावीनेच सुरू करा.

खरिपाआधी, म्हणजे मे महिन्यातच, हे काम उरकून घ्यावं. पावसाला सुरुवात झाल्यावर मिस्त्रीलाही वेळ नसतो आणि आपल्यालाही नसतो. आपल्या ट्रॅक्टरबद्दल काही शंका असल्यास ट्रॅक्टरचं मॉडेल, साल आणि झालेले तास लिहून कार्यक्रमाकडे पत्र पाठवा. उत्तर देण्याचा जरूर प्रयत्न करू.

रामराम.